सेटमधली सहावी साडी

मी नववीत होते तेव्हा दुपारी दोन वाजता एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. तिच्यात माझ्याच वयाच्या तीन मुली शाळा सुटली की एका मोठ्या फॅशन कंपनीत कामाला जायच्या. कंपनीची मालकीण पांढरे हातमोजे घालून लिफ्टमधून उतरायची आणि समोर येईल त्याच्यावर ओरडायची. तिचं एकेक वाक्य संपलं की कुठून तरी ढीगभर माणसं हसायची. ती माणसं कधीच दिसली नाहीत.

आई समोर लाकडी चौकटीवर साडी ताणून तिच्यावर खडे चिकटवत बसलेली असायची. ती मान वर न करता विचारायची, "इतला लोके कोठे बठेल शेतस? दिखतस ते नही."

"ते रेकॉर्डिंग शे, माय."

"पन हासासारखं काय व्हयनं?"

हे मलाही ठाऊक नसायचं. मालकिणीच्या पायावर कॉफी सांडली की ते हसत, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण एखादी मुलगी नुसती दार उघडून आत आली तरी ते हसायचे. मी दोन-तीन आठवडे डोकं खाजवलं आणि मग सोपा मार्ग काढला. ते हसले की आपणही हसायचं. आई तेवढ्यापुरती माझ्याकडे बघायची आणि परत कामाला लागायची. पोरीचं काहीतरी बिनसलंय, असं तिला वाटत असावं.

आम्ही गुजरातेत, गोडादऱ्यात राहतो. मी जन्मायच्या आधी आईवडील खानदेशातून इथे आले. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंग कालवायच्या खात्यात होते. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, असा माझ्या तोंडाचा दिवसभराचा कारभार होता. त्या सगळ्या भाषांत 'फॅशन' हा शब्द मात्र एकच होता, आणि माझा सगळा घोळ त्यातूनच झाला.

नववीच्या सुरुवातीला वर्गात एक फॉर्म भरून घेतला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात कोणी 'लूम' लिहिलं, कोणी 'मिल', कोणी 'एम्ब्रॉयडरी'. मी लिहिलं, 'फॅशन इंडस्ट्री'. बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"वडील नेमकं काय करतात गं?"

"रंग कालवतात."

"कसला?"

"साड्यांचा."

बाईंनी माझे शब्द खोडून वर 'मिल' लिहिलं. मुली फिदीफिदी हसल्या. मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही पुरता गेलेला नाही. खोटं काय होतं त्यात? आप्पांच्या नखांत आज जो रंग असायचा तो दोन-तीन महिन्यांनी बाजारातल्या बायकांच्या अंगावर दिसायचा. आमच्या भिंतीला टेकून साड्यांचे गठ्ठे उभे असायचे. जेवताना ताटात चमकी निघायची. त्या तिघी मुलींच्या कंपनीत तर मी कधी कुणाला एक धागासुद्धा तोडताना पाहिलं नव्हतं. तिथे कपडे चाकं लावलेल्या दांडीवर टांगून यायचे आणि तसेच जायचे. मग फॅशनमध्ये कोण होतं, त्या की आम्ही? हा प्रश्न मी तेव्हा अगदी मनापासून विचारत होते.

आईचं काम आता नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाजारातून आमच्या गल्लीत काम आणणारी एक बाई होती. सगळे तिला बेन म्हणायचे; आईला ती माशी म्हणायची, म्हणजे गुजरातीत मावशी. ती मोपेडवर पुढेमागे गठ्ठे बांधून यायची आणि घराघरांत वाटायची. साड्या सेटमध्ये यायच्या. एका सेटमध्ये सहा साड्या, रंग सहा आणि डिझाइन मात्र एकच. व्यापारी सेट घेतो, सुटी साडी घेत नाही. म्हणून सहाच्या सहा साड्यांवर खडा ज्या जागी पाहिजे त्याच जागी बसला पाहिजे. बेन कागदावर काढलेला नमुना आधी आईकडे आणायची. आई त्यावरून पहिली साडी भरायची. तिला सँपल म्हणत. मग ते सँपल बाकीच्या घरांत फिरायचं आणि त्यावर बघून गल्लीतल्या पंधरा-वीस बाया आपापले सेट भरायच्या. सँपल करणारीला गल्लीत मान होता. बाया येऊन दारात उकिडव्या बसत आणि विचारत, "हाऊ खडा आठे बठाडू का तठे?" आई बोटाने दाखवायची. आमच्या घरात तिला आणखी कुठल्या गोष्टीबद्दल कोणी विचारत होतं, असं मला आठवत नाही.

खडे चिकटवायचा गम फार उग्र असतो. काडीच्या टोकाला मेण लावून खडा उचलायचा, गमाच्या थेंबावर ठेवायचा, दाबायचा. तासाभरात डोकं जड होतं. बाया त्याला 'गम चढना' म्हणायच्या आणि त्याचे किस्से सांगून हसायच्या. एकीने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. एकीने स्वतःचीच बांगडी साडीला चिकटवली आणि उठताना चौकट घेऊनच उठली. म्हणून आईचा नियम होता, दुपारचं जेवण झालं की काम तसंच सोडून तासभर तरी आडवं व्हायचं. माझी शाळा सकाळची. जेवायला उशीर झाला की आईची झोप नेमकी मालिकेच्या वेळात यायची, मग मी आवाज बारीक करून बघायची.

त्या दिवशीचा भाग मला अजून दृश्य न् दृश्य आठवतो. तिघींमधली एक मुलगी मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी इस्त्री करताना एक झगा जाळते. भोक झाकायला ती त्याच्यावर वेडीवाकडी पिसं शिवते. मालकीण बघते, किंचाळते, हे कोणी केलं म्हणून विचारते. मुलगी खोटं बोलते, मी नाही केलं म्हणते. इथे ते अदृश्य लोक पोट धरधरून हसले. शेवटी तोच झगा सगळ्यांना आवडतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, मग मुलगी रडत रडत खरं सांगते आणि मालकीण हातमोजे काढून तिला जवळ घेते. हे सगळं जाहिराती धरून अर्ध्या तासात.

टीव्ही बंद केला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चौकटीवर सेटमधली सहावी साडी होती, मोरपंखी रंगाची. काठ भरून झाला होता. पदर नुकता घेतला होता. त्याच्यावर बुट्ट्यांच्या पाच सरळ ओळी यायच्या होत्या, जशा आधीच्या पाच साड्यांवर आल्या होत्या. मी त्या ओळींकडे बघितलं आणि मला त्यांचा एकदम कंटाळा आला. सांगते ते खरं, एवढंच कारण होतं. मी काडी उचलली.

खालच्या उजव्या कोपऱ्यातून मी एक वेल काढायला घेतली. ती वर चढली, मधेच वळली, एका बाजूला कलली, आणि पदराच्या अर्ध्यातच थांबली. उरलेली जागा मी कोरी ठेवली. हात इतका भराभर चालत होता की मलाच आश्चर्य वाटत होतं. त्या अर्ध्या तासाइतक्या खुशीत मी पुढे आयुष्यात फारच थोड्या वेळा होते. मग आईच्या बांगड्या वाजल्या. मी काडी ठेवली, अभ्यासाचं पुस्तक उघडलं आणि ते उलटं धरलंय हे बघून सरळ केलं.

आई उठली, तोंडावर पाणी मारून आली, चौकटीपाशी बसली आणि तिचा हात काडीपाशीच थांबला. ती खूप वेळ बघत राहिली. मी पुस्तकाच्या वरून तिच्याकडे बघत होते. आता ओरडणार, मग मी नाही म्हणणार, मग सगळं मालिकेप्रमाणे होणार, असं मी धरून चालले होते.

आई ओरडली नाही. तिने माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "हाई मी करेल शे का?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. कोणी केलं, असं ती विचारेल असं वाटलं होतं. ती तर स्वतःलाच विचारत होती, मला फक्त साक्षीला धरत होती. मी पटकन म्हटलं, "हा. तूच करेल शे."

"कव्हय?"

"झोपाना पयले."

ती परत साडीकडे वळली. तिने वेलीवरून हात फिरवला. गम वाळला होता. वाळलेला खडा ओढला तर कापडावर डाग राहतो, म्हणून काढायचा प्रश्नच नव्हता. "गम चढना व्हई," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने काडी आणि गमाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. दिवस अजून बराच बाकी होता आणि ती कधी इतक्या लवकर काम आवरत नसे.

दुसऱ्या दिवशी बेन आली. मी दाराशी उभी होते आणि घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, त्यात आनंदसुद्धा होता. बेनने पाच साड्या बघितल्या, सहावी उलगडली आणि तिचा चेहरा बदलला.

"माशी, आ शुं कर्युं?"

आता पुढचं वाक्य कौतुकाचं येणार, म्हणून मी वाट बघत राहिले. बेनने साडी उजेडात धरली, उलटीसुलटी केली. ती वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, "जुदी छे, सरस छे, पण मैं इसका क्या करूँ, माशी? सेट तूटी गयो."

'सरस छे' ती म्हणाली होती. मी ते नक्की ऐकलं. पण त्याने काहीच झालं नाही. कोणी उभं राहिलं नाही आणि काही मिटलंही नाही. आई खाली बघून म्हणाली, "मनी नजर चुकनी, बेन." बेनने पाच साड्या उचलल्या आणि सहावी आमच्याकडे ठेवून गेली. खराब झालेला माल करणारीच्या गळ्यात पडतो, ही इथली रीतच आहे. पुढच्या आठवड्यात सँपल आमच्या घरी आलं नाही. ते तिसऱ्या घरातल्या मावशीकडे गेलं.

त्या मालिकेत हा भाग कुठेच नव्हता. मी गोंधळून गेले. कुठे चुकलं ते शोधायला मी मनातल्या मनात तो भाग पुन्हा पुन्हा लावून बघितला. मला वाटलं, खरं सांगायचं राहिलंय म्हणून शेवट होत नाहीये. मग मी खरं सांगायची तयारी केली. एकदा आई भाकरी थापत होती तेव्हा मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "माय, त्या दिनले..." ती म्हणाली, "पीठ दे." मी पीठ दिलं आणि तिथेच घोडं अडलं. आणखी एकदा आप्पा घरात असताना सुरुवात केली, तर आप्पाच मधे बोलले. "बरं व्हयनं. त्या वासमाईन सुटनी तुनी माय." त्यांना खरंच बरं वाटत होतं. त्यांच्या खात्यातल्या दोघातिघांची छाती बिघडली होती आणि आईचं गमाचं काम त्यांना कधीच आवडलं नव्हतं. मग मला वाटलं, आपण उगीच पाप पाप करतोय, कदाचित चांगलंच झालं असेल. मी मूग गिळून बसले.

पण चांगलं झालेलं नव्हतं, ते मला दिसत होतं. आई दिवसाउजेडी दारात बसून सुईत दोरा ओवायची, काढायची, परत ओवायची. ती डोळे तपासत होती. सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी होती तेव्हा ती स्वतःहून गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. तिथल्या माणसाने तिला भिंतीवरची चित्रं आणि आकडे वाचायला लावले. तिने शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. तो म्हणाला, "माँजी, आँखें तो एकदम बढिया हैं आपकी. नंबर ही नहीं है."

मला हायसं वाटलं. आई मात्र माझ्या पुढे भराभर चालत घरी आली. डोळे अधू निघाले असते तर चष्मा लागला असता आणि प्रश्न सुटला असता. डोळे चांगले, मग बिघडलंय काय, या विचाराने ती घाबरली होती. हे मला तेव्हा कळलं नाही, फार नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच बघितलं की घरी आल्यावर तिने गमाची बाटली तिसऱ्या घरातल्या मावशीला देऊन टाकली. तेव्हापासून ती फक्त धागे कापायचं काम घेऊ लागली. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कातरीने कापायचे, बस्स. त्यात चुकायला जागा नसते, आणि कोणी दारात येऊन काही विचारतही नाही.

ती सहावी साडी मात्र आईने टाकली नाही आणि कुणाला दिलीही नाही. आई ती स्वतः नेसायला लागली. गावाला लग्नाला गेलो की हीच साडी. हळदीकुंकवाला हीच. माझ्या लग्नात, नवरीची आई म्हणून सगळ्यांच्या पुढे उभी, अंगावर मोरपंखी साडी आणि पदर असा पुढे घेतलेला की वेल सगळ्यांना दिसावी. मला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला टोचतेय. तोंडाने बोलणार नाही, पण जन्मभर माझ्या डोळ्यांपुढे ही साडी नाचवणार. कधी कधी मला तिचा रागसुद्धा यायचा. बोलून मोकळी हो ना एकदाची, असं मनात यायचं. म्हणजे गुन्हा माझा आणि राग पण माझाच. तेव्हा ते मला विचित्र वाटलं नाही.

मी आता रिंग रोडच्या बाजारात एका ऑफिसमध्ये कामाला आहे. साड्यांचे फोटो येतात, मी त्यांच्याखाली माहिती लिहिते. रंग, कापड, पदर कसा, कुठल्या प्रसंगाला शोभेल. आमची शूटिंगची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे खरोखरच कपडे चाकं लावलेल्या दांडीवर टांगून येतात. पहिल्यांदा ती दांडी पाहिली तेव्हा मी तिला हात लावून बघितला. म्हणजे मी आता नक्की फॅशनमध्ये आहे, बाईंनी खोडावं असं काही राहिलेलं नाही. गेल्या वर्षी-दीड वर्षात एका बाजूला कललेल्या, अर्धवट सोडलेल्या डिझाइनचे पदर यायला लागले. मी त्यांच्याखाली 'हटके' असं लिहिते. लिहिताना दर वेळी काहीतरी होतं. अभिमान म्हणावा तर तो नाही, आणि पश्चात्ताप म्हणावा तर त्यात थोडी खुशी मिसळलेली असते. मला त्याला नाव देता आलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. ती दुसरीत आहे. तिच्या घागऱ्यावर दहा-बारा खडे लावायचे होते. मी घागरा, खडे आणि गमाची लहानशी ट्यूब घेऊन आईकडे गेले. तिचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. वाटलं, नातीचं काम आहे, ती हसत करेल. आईने घागरा बघितला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माले नको सांगू. मी चुकस."

"दहा तर खडे शेतस, माय."

"माले भरोसा नही आते. डोकं कव्हय काय करी टाकस, समजस नही."

मी पंधरा वर्षं जे वेगवेगळ्या बाजूंनी वळवून बघत होते ते तिथे एकदम समोर आलं. तिला काहीही ठाऊक नव्हतं. ती मला टोचत नव्हती. ती इतकी वर्षं स्वतःच्या डोक्याला भीत होती. मला रडू आलं आणि त्या रडण्यातच मी सगळं सांगून टाकलं. दुपार, टीव्ही, झोप, काडी, वेल. "तू काहीच करेल नव्हतं. मी करेल व्हतं. मी खोटं बोलनू."

आई हसली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मनं मन राखाले सांगी राह्यनी का?"

मी नाही नाही म्हणाले, तरी तिचा विश्वास बसेना. मग मी तिला साडी आणायला लावली. तिने पेटीतून ती काढली, मांडीवर पदर पसरला. मी म्हटलं, तिसऱ्या पानाच्या खाली बघ, एक खडा उपडा बसलाय आणि त्याच्यावर गम सांडलाय. तुझ्या बांगड्या वाजल्या तेव्हा माझा हात हलला. आईने पदर खिडकीकडे नेला. डोळे तिचे अजून चांगले आहेत. तिला तो उपडा खडा लगेच सापडला आणि ती त्याच्यावरून नख फिरवत राहिली.

"म्हंजे मनं डोकं बरं व्हतं," ती अखेर म्हणाली.

"हा, माय. एकदम बरं व्हतं."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, मी शपथेवर सांगते, दिसली. आता ती मला रागावेल, मारेल, काय वाट्टेल ते करेल, मी सगळ्याला तयार होते. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, मिटलं. पण आई पदरावरून नजर काढेना. ती वेलीच्या टोकापासून खाली कोपऱ्यापर्यंत बोट फिरवत आली आणि परत वर गेली.

"इतला वरीस दुसरानं देखी देखी करं मी," ती म्हणाली. "कागद बेनना, डिझाइन बेननं. हाई एकच मना मनमाईन उनं, आसं माले वाटनं. गम चढना तरी काय व्हयनं. उनं ते मनाच हातमाईन ना?" मग ती म्हणाली, "मी गावले सगळासले सांगेल शे. हाई मी करेल शे म्हनी."

लग्नातला तो पुढे घेतलेला पदर मला आता पहिल्यांदा समजला. आपल्या मनातून आलेली वेल म्हणून ती मिरवत होती. सँपल गेलं, मान गेला, स्वतःवरचा विश्वास गेला, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात तिने ही एक वेल ठेवून घेतली होती. मी आत्ता येऊन तीही काढून घेतली होती. खरं सांगितलं की माणूस हलकं होतं म्हणतात. मला तेव्हा हलकं अजिबात वाटत नव्हतं, आणि सांगितलं ते बरं केलं की वाईट केलं हे मला आजही कळलेलं नाही.

आईने साडी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"नीट देख. यामा एकबी खडा मना नही का?"

मी बघितलं. मी खरंच नीट बघितलं, इंच न् इंच. मग मला सापडलं आणि मी घाईघाईने बोट ठेवलं. "शे ना. हाऊ काठ देख. पुरा काठ तुना शे, माय. तुना हातना शे."

आईने काठाकडे पाहिलं. खडे एका रेषेत, एकसारख्या अंतरावर, कुठे केसभर इकडेतिकडे नाही.

"तो ते बेनना कागदना शे," ती म्हणाली. मग तिने साडीची घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "लई जाय. तुनी शे."